तसदी घेऊ नये

जुन्या सागवानी लाकडाचा धंदा मी स्वतःच्या हिमतीवर उभा केला. चाळी पाडायला काढल्या की दारं, खिडक्या, कठडे विकत घ्यायचे, घासूनपुसून विकायचे. या धंद्यात पहिला बोललेला शब्द कधी खरा नसतो. मालक म्हणतो, "विकायचं नाहीये," म्हणजे विकायचं असतं. गिऱ्हाईक म्हणतं, "सहज बघायला आलो," म्हणजे घरी जागा मोजून आलेलं असतं. मी कोणाचाच पहिला शब्द धरला नाही, म्हणून आज लालबागेत माझं दुकान आहे. आयुष्यात एकदाच धरला. त्याची किळस अजून तोंडातून जात नाही.

तो शब्द माझ्या दादरच्या मित्राचा. वीस-बावीस वर्षांपूर्वी तो आणि त्याची आई माझ्याकडे कपाट घ्यायला आले. तो बँकेत, वडीलही बँकेत होते. सगळं घर हळू आवाजात बोलणारं. तो भाव ऐकून नुसता "हं" म्हणाला. आई मात्र कपाटाच्या खणात हात घालून म्हणाली, "अहो लालबागकर, वाळवी लागलेली विकता आणि वर तोंड करून बोलता?" वाळवी नव्हती. तिलाही ते माहीत होतं. तासभर भांडलो आम्ही. कपाट मी स्वतः पोचवायला गेलो आणि त्या घरचा झालो. वाट वाकडी करून जायचो, बेल मारायचो, म्हातारी दार उघडतानाच म्हणायची, "आले का, आता माझा कान गेला."

बाकीच्या घराची भाषा शिकायला मला वेळ लागला. आमच्यात ताटावर आडवा हात धरला तरी वाढणारा वाढतो. नाही वाढलं तर पाहुणा घरी जाऊन बोलतो. एकदा म्हातारीच्या वाढदिवसाला मित्राने कळवलं, "काही आणू नकोस." मी हापूसची पेटी नेली. मित्राची बायको हसतच म्हणाली, "अहो, आम्ही सांगितलं होतं ना." पेटी संध्याकाळभर चपलांच्या कपाटापाशी पडून राहिली. लोक तिच्यावर पिशव्या ठेवत होते. त्या दिवशी मी मनाशी गाठ मारली: हे शिकलेले लोक आहेत, यांचं नको म्हणजे नको.

गेल्या वर्षी एका सकाळी दुकानात असताना मित्राचा मेसेज आला. "आईचे आज पहाटे निधन झाले. तिच्या इच्छेनुसार अंत्यविधी साधेपणाने उरकले आहेत. कृपया कोणीही भेटायला येण्याची तसदी घेऊ नये. आपण आमच्या भावना समजून घ्याल, ही खात्री आहे."

आजारी होती हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

आमच्याकडे माणूस गेलं की कोणी कोणाला विचारत नाही. माझा बाप गेला तेव्हा गॅलरीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारणीने पिठलं-भाताचं पातेलं आणून ठेवलं आणि न खाणाऱ्यांना शिव्या घालून खायला लावलं. नळाच्या भांडणावरून ज्याने बापाशी सात वर्षं बोलणं टाकलं होतं, तो माणूस खाली बसून तिरडी बांधत होता. "दोरी आवळा रे नीट," एवढंच बोलला. तेवढ्यात मिटलं सगळं.

मी चपला घालून दुकानाबाहेर आलो होतो. मग ती आंब्याची पेटी आठवली. मी मित्राला फोन लावला.

"येतो मी. येऊ ना?"

"नको रे. खरंच नको. धावपळ करू नकोस."

"नक्की?"

"हो, नक्की. कळलं तुला, यातच सगळं आलं."

दुपारी जेवायला घरी गेलो तर बायको म्हणाली, "तुमी जावा बघू. अशा येळार कोण कोणाक विचारता?"

"त्यांच्यात तसं नसतं," मी तिला शिकवलं. मी! "त्यांना आवडत नाही लोकं आलेली."

नाही गेलो. तेराव्यालाही नाही, कारण तेरावं करणार नव्हते. दोनदा फोन केला, दोन्ही वेळा तो म्हणाला, "ठीक आहोत आम्ही." तिसऱ्यांदा त्याने उचलला नाही.

दीड महिन्याने शिवाजी पार्कजवळच्या एका हॉलमध्ये ओळखीच्यांच्या लग्नाला आम्ही समोरासमोर आलो. त्याने मान हलवली, बँकेत खिडकीपलीकडून हलवतात तशी, आणि ताट घेऊन पुढे गेला. मी त्याच्या बायकोला गाठलं.

"काय झालंय याला?"

"काही नाही हो." मग चमच्याने जिलबीचा तुकडा पाडत म्हणाली, "तुमची वाट पाहिली त्याने. बाकी सगळे येऊन गेले."

"सगळे? मेसेजमध्ये तर येऊ नका लिहिलं होतं."

"अहो, तसं लिहायची पद्धत असते."

पद्धत! माझ्या डोक्यात तिडीक गेली. समोरचं ताट मला बघवेना. वर ती सहज म्हणाली, "आई शेवटी दोनदा विचारत होत्या, लालबागकर आले नाहीत का बरेच दिवसांत. पण तुम्हाला कशाला उगाच त्रास."

मी मित्राला खांद्याला धरून फिरवला.

"तू मला नको म्हणालास की नाही?"

"आवाज खाली घे. लोक बघतायत."

"बघू दे! मी विचारलं होतं, नक्की का? हो म्हणालास की नाही?"

"म्हणालो."

"मग?"

तो एकदम माझ्याकडे वळला. इतक्या वर्षांत त्याचा आवाज चढलेला मी तेव्हाच ऐकला. "विचारलंस, तेच तर! तू आमच्या घरी कधी विचारून आलास रे? आई गेली त्याच दिवशी बरी तुला रीत सुचली?"

घाव माझ्या वर्मी लागला होता, पण लगेच त्याने काय करावं? ओठ पुसले, रुमालाची घडी घातली आणि म्हणाला, "जाऊ दे. मी मनात काही ठेवलेलं नाही."

मला खरी शिसारी त्या वाक्याची आली. दीड महिना त्याने माझ्या नावाने मनात मढं सांभाळलं आणि तोंडाने म्हणतो, ठेवलेलं नाही. आमचा माणूस असता तर दुसऱ्या दिवशी दुकानावर येऊन आई-बहिणीवरून बोलला असता. मीही चार शब्द ऐकवले असते, मग दोघं तिच्यासाठी रडलो असतो. हिंमत लागते त्याला. कोण येतं ते गुपचूप मोजायचं आणि मेसेजमध्ये कोणी येऊ नका लिहायचं, ही कसली सभ्यता? गिऱ्हाईक खोटं बोलतं तेव्हा निदान काहीतरी मागत असतं. हे लोक मागतच नाहीत. दिलं नाहीस म्हणून आतल्या आत निकाल लावतात.

न जेवता निघालो. आहेराचं पाकीट बरोबर आलेल्या बायकोने दिलं असावं.

आठ दिवसांनी त्याचा मेसेज आला. "त्या दिवशी जरा जास्त झालं. घरी ये कधीतरी."

मी लिहिलं, "कधी?"

"तुझ्या सोयीने."

मग मी लिहिलं, "हे बघ, मला वार आणि वेळ सांग. नाहीतर सरळ लिही, तुझं तोंड बघायचं नाही. दोन्ही चालेल. आईच्या फोटोसमोर मला एकदा बसायचंय, ते तुझ्या मर्जीवर आहे म्हणून विचारतोय."

बराच वेळ तो काहीतरी लिहीत असल्याचं दिसत राहिलं. लिहायचा, थांबायचा, पुन्हा लिहायचा. शेवटी आलं ते जोडलेल्या दोन हातांचं चित्र.

बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "ये म्हणतासा." मुलगी म्हणाली, "नाही बाबा, विषय संपव म्हणतायत." मी रोज ते चित्र उघडून बघतो. माणसाने हात जोडले तर तो पाया पडतोय की घालवून देतोय, हे तोंड बघून कळतं. इथे तोंडच नाही.