महिपतने पाडलेली भिंत

महिपत फिटरने आपल्या घरात कधी गवंडी, सुतार येऊ दिला नाही. मोहन्यातल्या त्याच्या जुन्या दोन मजली इमारतीत कुणाचा नळ गळो की पंखा कुरकुरो, हाक त्यालाच. पैसे घ्यायचा नाही. चहा मात्र दोनदा घ्यायचा आणि आधीच्या कारागिराने काय घाण करून ठेवलीय ते सविस्तर ऐकवायचा.

त्याची बायको रतन पंचवीस वर्षं गणपतीची आरती स्वयंपाकघरातून ऐकत आली होती. बाहेरची खोली माणसांनी भरायची, आणि मधल्या भिंतीमुळे आतल्या बायकांना बाप्पाचा एक कान काय तो दिसायचा. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच श्रावणात महिपतने ठरवलं, भिंत काढायची.

"अहो, कुणाला तरी विचारा की," रतन म्हणाली.

"कुणाला विचारू? वर बघ. बीम आहे का? नाय. म्हणजे भिंतीवर लोडच नाय. नुसता आडोसा आहे हा."

कारखान्याच्या शेडमध्ये त्याने जन्मभर हेच पाहिलं होतं: भार खांब आणि बीम पेलतात, भिंत नुसता वारा अडवते. जुन्या घरांत बीम नसतो तेव्हा छताचा भार त्या भिंतीवरच असतो, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच. चार दिवस छिन्नी-हातोडा चालला. शेजाऱ्यांनी ठोकाठोक ऐकली, पण महिपत करतोय म्हणजे बरोबरच असणार, म्हणून कुणी काही विचारलं नाही. भिंत गेली तेव्हा रतन ओट्यापाशी उभी राहून देवाच्या कोपऱ्याकडे बघत खुदकन हसली.

तीन दिवसांनी वरून तुळसामावशींची हाक आली. म्हातारी बाई, एकटी राहायची. "अरे महिपत, दार अडकतंय रे. पावसाने फुगलं वाटतं."

त्याने दार रंधून दिलं. दोन दिवसांनी ते पुन्हा अडकलं. वैतागून तो रंधा घेऊन खाली बसला आणि त्याचा हात थांबला. दार फुगलं नव्हतं, चौकटच तिरकी झाली होती. लाद्यांमधून एक भेग थेट मावशींच्या पलंगाखाली गेली होती, बरोबर खालच्या भिंतीच्या रेषेत.

दार तासून, घरी जाऊन गुपचूप टेकू लावला असता तर कुणाला कळणार होतं? जन्मभर दुसऱ्यांच्या कामाला नावं ठेवलेली, आता आपलं नाव घ्यायचं जिवावर आलं. पण समोर मावशी त्याच्यासाठी चहात साखर ढवळत होत्या.

"मावशी, गॅस बंद करा. आत्ताच्या आत्ता खाली चला."

तासाभरात सगळी इमारत रस्त्यावर आली. इंजिनिअर आला, लोखंडी टेकू लावायला सांगितले, आणि वर कुणी राहायचं नाही म्हणाला, किती महिने ते सांगता येत नाही. मावशींनी महिपतच्या तोंडावरून हात फिरवला. "तू होतास म्हणून वाचले रे बाबा."

"नाय मावशी. माझ्यामुळेच झालं हे. ती भिंत पाडायची नव्हती, मी पाडली."

मावशींनी हात मागे घेतला. शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

त्यांनी टिटवाळ्याला भाचीकडे जायचं ठरवलं. समोरच्या चाळीतल्या हितेशने रिक्षा आणली. महिपतने त्यांची पिशवी उचलायला हात पुढे केला.

"राहू दे तू," मावशी हळू म्हणाल्या. "हितेश घेईल."