काळ्या चौकटीतला ठिपका

आधीच सांगते, इथले अनुभव मी दुपारी डबा खाताना वाचते आणि बहुतेक वेळा हसते. भूत, भास, "कुणीतरी मागे उभं होतं"... यातलं काहीच मला कधी पटलेलं नाही. मी कोडिंग करते. जे लॉगमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या नोंदीत, नाही ते घडलेलंच नाही, असं मानणारी बाई. म्हणूनच हे लिहायला मला जवळजवळ दोन वर्षं लागली. जसं झालं तसं सांगते, पटलं नाही तर मला राग येणार नाही.

मी मूळची नागपूरची. नऊ वर्षांपासून बेंगळुरूत आहे, इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत. पण ऑफिसचा याच्याशी संबंध नाही. संबंध आहे माझ्या शनिवारच्या उद्योगाशी. आमचा आठ-दहा जणांचा हौशी गट आहे. नेपच्यूनच्या पलीकडे, जिथून सूर्यसुद्धा नुसता एक ठळक तारा दिसेल, तिथे बर्फाचे मोठमोठे गोळे फिरत असतात. काही तर शेकडो किलोमीटर रुंद. प्लूटो त्यांच्यातलाच. असे कितीतरी अजून कुणाला सापडलेले नाहीत. मोठ्या दुर्बिणींचे जुने फोटो सगळ्यांसाठी खुले असतात, ते आम्ही डाउनलोड करतो. एकाच जागेचे, तास-दीड तासाच्या अंतराने काढलेले तीन फोटो एकामागून एक भराभर दाखवायचे आणि बघत बसायचं. तारे जागच्या जागी राहतात. एखादा ठिपका किंचित सरकला, तर तो आपला!

फोटोंचे छोटे तुकडे करून प्रत्येकाच्या लॅपटॉपवर पाठवणारं सॉफ्टवेअर माझं. ठिपक्यावर क्लिक केलं की त्याची आकाशातली नेमकी जागा नोंदली जायची.

गटात सगळ्यात तरबेज डोळे रायकर अण्णांचे. वय बाहत्तर. इंदिरानगरच्या मागच्या बाजूला एका शांत गल्लीत त्यांचं बैठं घर. तीन पिढ्या बेंगळुरूत गेल्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड कधी शिरायचं कळायचं नाही. एका सरकारी कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं भिंगं तपासली होती. काचेतला केसाएवढा चरा, टाचणीच्या टोकाएवढा बुडबुडा शोधायचा, एवढंच काम. माझ्या सॉफ्टवेअरने सोडून दिलेले दोन ठिपके अण्णांनी पकडले होते, आणि दोन्ही खरे निघाले होते. "मशीनला सांग, स्वल्प सावकाश बघ म्हणून," असं मला हसत म्हणाले होते.

पण त्या वर्षी त्यांच्या चुका वाढल्या. काही नसेल तिथे खुणा येऊ लागल्या. हर्षद — आमच्या गटातला पुण्याचा मुलगा, कक्षांचं सगळं गणित तो करतो — मला दोनदा म्हणाला, "अण्णांना आता थांबायला सांग. त्यांच्या खुणा तपासण्यात आपला अर्धा वेळ जातो." मी टाळत राहिले.

आणि मग माझ्याच हातून चूक झाली.

या दुर्बिणींचा कॅमेरा सलग नसतो. फरश्या बसवाव्यात तसे बरेच छोटे सेन्सर शेजारी शेजारी बसवलेले असतात. तेव्हा आम्ही ज्याचे फोटो बघत होतो, त्या कॅमेऱ्यातला एक सेन्सर बंद पडलेला होता, त्यामुळे फोटोत त्या जागी नुसता काळा चौकोन यायचा. असे काळे तुकडे कुणाकडे जाऊ नयेत म्हणून माझ्या कोडमध्ये एक ओळ होती. एका शनिवारी बदल करताना ती माझ्याकडून उडाली. तासाभरात ग्रुपवर दोघांचे मेसेज... "काळंच येतंय सगळं, काय झालं?" मी सॉरी म्हणून लगेच दुरुस्त केलं.

अण्णांचा मेसेज आला नव्हता. मंगळवारी लॉग बघताना कळलं, त्यांच्याकडेही एक काळा सेट गेला होता. तीन पूर्ण काळे फोटो. आणि त्या तिन्हींवर त्यांनी क्लिक केलं होतं. तिन्ही खुणा एका सरळ रेषेत, सारख्या अंतराने सरकलेल्या, अगदी हळू. खूप लांबची वस्तू जशी सरकेल तशी. शेजारच्या रकान्यात त्यांनी टाइप केलं होतं — "पक्का."

मी अक्षरशः संतापले. डोळ्यांनी चूक होणं वेगळं. पण काळ्या पडद्यावर कुणी ठिपका बघतं का? म्हणजे हा माणूस मनानेच खुणा करतोय. कदाचित कित्येक महिन्यांपासून! मी ठरवलं, येत्या शनिवारी जाऊन तोंडावर सांगायचं.

अकराच्या सुमाराला पोचले. दार त्यांच्या बायकोने उघडलं. त्यांना सगळे अक्का म्हणतात. मला स्वयंपाकघरातच थांबवून त्यांनी हातात मज्जिगेचा पेला दिला. म्हणजे ताक, पण त्या घरात त्याला ताक कुणी म्हणत नाही.

"डॉक्टरकडे गेलो होतो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "डावा डोळा गेला म्हणतात. उजव्यात मधोमध डाग आलाय, तो वाढणार. ह्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. तुला म्हणून सांगते. ह्यांना काही विचारू नकोस गं. शनिवारवरच जगतायत."

मी पाठ करून आणलेलं सगळं बोलणं तिथेच राहिलं.

अण्णा पुढच्या खोलीत टेबलाशी बसले होते, हातात भिंग. मला बघून खूश झाले. "आलीस? तो बघितलास की नाही मागच्या शनिवारचा?"

"कुठला, अण्णा?"

"अगं तो मंद. फार लांबचा आहे बघ. घाई म्हणून नाही त्याला. पण मोठा असणार... एवढ्या लांबून दिसतोय म्हणजे."

तेवढ्यात अक्कांनी डोळ्यांत थेंब घालायला त्यांना आत बोलावलं. मी त्यांच्या लॅपटॉपवर तो सेट उघडला. काळा. ब्राइटनेस पूर्ण वाढवला, कॉन्ट्रास्ट वाढवला... काळाच. फाइलमधले आकडे काढून पाहिले. शून्य, शून्य, शून्य. वरपासून खालपर्यंत एकही दुसरा आकडा नाही. स्क्रीनवर धूळ आहे का म्हणून रुमालाने पुसलासुद्धा. पण धूळ असती तर तिन्ही खुणा एकाच जागी पडल्या असत्या ना? आतून अण्णांच्या खोकल्याचा आवाज जवळ आला तशी मी चोरासारखी फाइल बंद केली.

त्या दिवशी काहीच न बोलता परत आले. पण डोक्यातून जाईना. दुसऱ्या आठवड्यात हर्षदला सगळं सांगितलं आणि म्हटलं, मला पुरावा दे. तिथे काही नाही याचा पुरावा. म्हणजे मला त्यांना समजावून सांगता येईल.

आकाशाच्या त्याच पट्ट्याचे फोटो दुसऱ्या एका दुर्बिणीने तीन आठवड्यांनंतर काढलेले होते. तो डेटा आमच्या गटाने कधी उघडलाही नव्हता. हर्षद म्हणाला, अण्णांच्या तीन खुणा खऱ्या धरल्या, तर तीन आठवड्यांनी ती वस्तू साधारण कुठे असेल ते काढतो, आणि तिथे बघू.

बुधवारी दुपारी मी ऑफिसात एक रिकामी मीटिंग रूम पकडली. हर्षद कॉलवर, स्क्रीन शेअर केलेली.

"डाउनलोड होतंय... झालं. जागा हिरव्या गोलात दाखवतो."

तीन फोटो आळीपाळीने लागू लागले. गोलात एकही ठिपका हलत नव्हता. मी सुटकेचा निःश्वास टाकला, हे कबूल करते.

"चला, नाहीये," मी म्हटलं.

त्याने गोल थोडा मोठा केला. मग अजून थोडा.

"हर्षद?"

"थांब."

गोलाच्या उजव्या कडेला एक बारीक ठिपका होता. एक... दोन... तीन. सरकत होता. त्याच दिशेला, त्याच संथपणाने.

कुणीतरी काचेवर टकटक केलं, त्यांना रूम हवी होती. मी हातानेच 'नाही' म्हटलं.

हर्षदने कक्षा काढली. अण्णांच्या तीन खुणा आणि या तीन जागा मिळून एकच कक्षा तंतोतंत बसत होती. सूर्यापासून पृथ्वी आहे त्याच्या सत्तरपट लांब. यादीत कुठेच नसलेला, बर्फाचा नवा गोळा. हर्षदचा आवाज बारीक झाला होता. "हे बघ, त्यांनी हा दुसरा डेटा आधी पाहिला असेल."

"हर्षद, त्यांना ईमेलची अटॅचमेंट उघडून द्यायला मी जाते."

"मग योगायोग."

"बसतो का योगायोगात? तूच गणित कर."

त्याने केलं असावं. उत्तर मला कधी सांगितलं नाही.

पुढच्या महिन्यात एका प्राध्यापकांनी एका मोठ्या दुर्बिणीवरच्या त्यांच्या वाट्याच्या वेळातली वीस मिनिटं आम्हाला दिली. गोळा जिथे असायला हवा तिथेच होता. गटात जल्लोष! आणि मी, जिने सगळ्यांत आधी आनंदाने नाचायला हवं होतं, ती दोन दिवस धड जेवले नाही.

शेवटी शनिवारी अण्णांकडे गेले. बातमी त्यांना फोनवर कळली होती. अक्कांनी शिरा केला होता. अण्णांचा उजवा डोळा तोवर आणखी उतरला होता, माझा चेहरा ते थोडी मान वळवून, कडेने बघत होते.

मी विचारलं, "अण्णा, तुम्हाला तो दिसला तेव्हा आजूबाजूला काय होतं, आठवतं?"

"न आठवायला काय झालं? कागद दे की."

कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे त्यांनी पेन्सिलने ठिपके काढले. वर चार तारे, पतंगासारखे. खाली दोन अगदी चिकटून. "आणि इथे एक पुसट आकाशगंगा, लांबट, तिरकी. तो तिच्या वरनं चालला होता."

दुसऱ्या दुर्बिणीच्या फोटोतला तोच भाग, काळ्या चौकोनामागे दडलेला, मी सकाळीच कापून फोनमध्ये घेतला होता. तो कागदाशेजारी ठेवला. पतंग. चिकटलेले दोन. तिरकी लांबट आकाशगंगा. सगळं होतं. मला एकदम त्या खोलीतून उठून जावंसं वाटलं.

अक्का दारात उभ्या होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी हळूच मान हलवली... नको. मला ते दिसलं. तरीही मी बोलले. आजही कळत नाही का. एवढं मोठं एकटीने धरून ठेवणं जमलं नाही, बहुतेक.

"अण्णा, तो सेट काळा होता. माझ्या चुकीने गेला तुमच्याकडे. त्यात काहीच नव्हतं."

"काळा? कुठे काळा होता?" ते हसले. "उघड, दाखवतो तुला."

मी उघडला. त्यांनी नाक स्क्रीनला टेकवलं. मान एका बाजूला वळवली, दुसऱ्या बाजूला वळवली. भिंग घेतलं. फोटो एकामागून एक बदलत होते आणि त्यांच्या चष्म्यात नुसता काळा चौकोन.

"हा नव्हे. तो सेट लाव की."

"हाच आहे, अण्णा."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. मग त्यांनी लॅपटॉपचं झाकण अगदी हळू मिटलं आणि विचारलं, "मग मी काय बघत होतो गं?"

अक्का येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

शोधाचा अहवाल पाठवताना अण्णांच्या खुणा त्यात घेता आल्या नाहीत. ज्या फोटोत प्रकाशच नाही त्यातली जागा मोजमाप म्हणून कोण धरेल? आम्ही पहिली नोंद दुसऱ्या दुर्बिणीची दिली. शोधणाऱ्यांच्या यादीत मात्र हर्षदने पहिलं नाव अण्णांचंच घातलं, आणि आमच्यापैकी कुणी का म्हणून विचारलं नाही. हे सांगायला मी अण्णांना फोन केला. "सरी, सरी," म्हणजे बरं, बरं, एवढंच म्हणाले.

त्यानंतर ते शनिवारी बसले नाहीत. गटाने दिलेला लॅपटॉप परत पाठवून दिला.

मी डेटा तपासला, कोड तपासला, लॉग तीन वेगळ्या लोकांकडून तपासून घेतले. डोळ्यांच्या एका डॉक्टरांना विचारलं. नजर जाताना माणसांना नसलेल्या गोष्टी दिसतात, हे खरं आहे म्हणाले. पण जे असतं आणि कुठेच उमटलेलं नसतं, ते दिसतं का? यावर त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मी अजून तिथेच आहे, जिथे त्या बुधवारी मीटिंग रूममध्ये होते.

त्या बंद सेन्सरचे आणखी शेकडो काळे तुकडे माझ्या हार्ड डिस्कवर पडून आहेत. मागच्या वर्षी धीर करून मी अण्णांना फोन केला. म्हटलं, काही सांगत नाही, काही विचारत नाही, फक्त एकदा बसाल का समोर? कडेने जेवढं दिसतं तेवढ्याने?

ते रागावले नव्हते. उलट मला समजावल्यासारखं म्हणाले, "नाही गं बाई. आता मला माहीत आहे ना, ते काळं आहे म्हणून."