गिरणीच्या दारात फोन पारखणारे हमीदचाचा

रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात पुलाजवळ हमीदचाचांचं मोबाइलचं दुकान होतं आणि शेजारी पिठाची गिरणी. फोन घ्यायला कुणीही आलं की चाचा त्याला आधी गिरणीच्या दारात उभं करायचे. "बोल काय पण," म्हणायचे आणि ते फोनवर भरून घ्यायचे. गिरणीच्या घरघरीत माणूस ऐकू आला, तरच तो फोन विकायचे.

मी रोह्याच्या एका साप्ताहिकात बातमीदार. पेणला यंत्रसामग्रीचं मोठं प्रदर्शन भरणार होतं. फोटो, व्हिडिओ, मुलाखती, सगळं मला एकटीला फोनवरच करायचं होतं. माझा डोळा एका चकचकीत, भारी कॅमेऱ्याच्या फोनवर होता. चाचांनी मला दारात उभं केलं. मी नाव-गाव सांगितलं; ऐकताना फक्त गिरणीच ऐकू आली.

"फोटो काय गो, सगळेच काढतील," चाचा म्हणाले. "गोंगाटात माणूस काय बोलला, ते आणायचंय ना तुला?" त्यांनी एक जाडजूड, बेढब फोन हातात ठेवला. "ह्याची बॅटरी दिवसभर हलायची नाय. चार्जिंगला जागा शोधत बसशील, तर बातमी निघून जाईल."

प्रदर्शनात कानठळ्या बसत होत्या. रोह्याच्या एका कारखान्याच्या स्टॉलवर एक तंत्रज्ञ वायुगळती झाली की वाजणारा भोंगा दाखवत होता. "तुमच्या कारखान्यात बसवलाय ना?" फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवून मी विचारलं. त्याने मागे पाहिलं आणि आवाज उतरवला. "हाय, पण दोन महिने बंद हाय. वर लिहून दिलंय. माझं नाव नका घालू." तेवढ्यात मागून गर्दीचा लोंढा आला, फोन हातातून उडाला आणि कुणाच्या तरी बुटाखाली गेला. पडदा काळा.

दुसऱ्या दिवशी संपादकांनी कारखान्यात विचारलं. उत्तर आलं, असं कुणी बोललेलंच नाही. छापलंत तर कोर्टात भेटू. "आवाज ऐकव, मग छापतो," संपादक मला म्हणाले. "चार वाजता अंक छपाईला जाईल."

मी अष्टमीला धावले. चाचांनी दुसरा पडदा जोडला. तीन वाजून गेले होते. अखेर फोन उजळला, त्यांनी रेकॉर्डिंग लावलं. कॉम्प्रेसरच्या धडधडीतून शब्द न् शब्द ऐकू आला. चाचांनी ते मध्येच थांबवलं.

"हा आमचा इरफान हाय. माझा जावई."

मला ठाऊक नव्हतं. चाचांचं बोट पडद्यावरच होतं. पुसून टाकलं असतं, तर मी काय करणार होते? कारखान्याच्या भिंतीला लागून वस्ती होती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तरी "द्या" म्हणायला माझं तोंड उघडेना.

त्यांनी इरफानला फोन लावला, स्पीकरवर. "भोंगा खरंच बंद हाय?"

"व्हय, अब्बा."

"ही पोरगी छापणार. नाव नाय घालणार, पण ते तुला हुडकतील."

"हुडकतील," इरफान म्हणाला. "छापू दे."

चाचांनी फोन माझ्यापुढे सरकवला. "जा. चार वाजतील."

बातमी छापून आली. आठवड्याभरात भोंगा दुरुस्त झाला. महिन्याभरात इरफानची नोकरी गेली. आसपास कुणीच त्याला कामावर घेईना. शेवटी त्याला आखातात काम मिळालं. बायको-मुलं बरोबर निघाली. चाचांना दुसरं कुणी नव्हतं. ज्या आखातात अठरा वर्षं काढून ते घरी परतले होते, तिथेच साठी उलटल्यावर पुन्हा निघाले.

निघायच्या दिवशी मी गेले. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. "माझ्यामुळे झालं, चाचा," मी म्हणाले.

त्यांनी "नाय गो, तुझा काय दोष" असं काही म्हटलं नाही. "भोंगा चालू झाला, ते चांगलं झालं," म्हणाले. "पण पुन्हा तशीच येशील, तर पुन्हा तो आवाज तुझ्या हाती देईन का, ते आज माझ्याच्यानं सांगवत नाय."

मग त्यांनी शटर खाली ओढलं, कुलूप लावलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून ते रिक्षात बसले.