ऑलिव्ह पार्डीचं लखलखीत घर

स्कली कोव्हमधली बाई मरायला टेकली तरी डॉक्टर यायच्या आत फरशी पुसून घेते. न्यूफाउंडलंडच्या या किनाऱ्यावर घर घाण दिसणं म्हणजे अब्रू वेशीला टांगणं. ऑलिव्ह पार्डी अस्सल इथलीच. सव्वीस वर्षं खेकड्यांच्या कारखान्यात उभं राहून तिने नांग्या फोडल्या. नवरा अल्बर्टाला कामाला म्हणून गेला आणि तिकडचाच झाला, त्या आठवड्यातही तिने पडदे धुतले. अशा बाईच्या तोंडून 'मला झेपत नाही' हे तीन शब्द यायचे कसे?

तिची आई ड्रुसिला चौऱ्याऐंशीची. सहा वर्षांपूर्वी विसरायला लागली. आता अंथरुणात घाण करते, ओव्हनमध्ये चपला ठेवते, हातात येईल त्याने मारते. ऑलिव्हला चोरटी म्हणते. आणि दारात परका माणूस दिसला, की हीच म्हातारी मधाहून गोड.

गेल्या वसंतात आरोग्य खात्याची नर्स आली होती. म्हातारीला वृद्धाश्रमात जागा द्यायची की नाही, ते ठरवायला. ऑलिव्हने काय करावं? दोन दिवस घर घासलं, आईचे केस कुरळे केले, रानबेरीचे बन भाजले. म्हातारीने स्वतः चहा ओतला. नर्सने लिहिलं, 'कुटुंब उत्तम सांभाळतं.' पदरात काय पडलं? आठवड्याला चार तास येणारी एक बाई, आणि बर्फ पडला की तीही गुल.

या खेपेला ऑलिव्ह शहाणी झाली होती. नर्स येणार त्या दिवशी तिने कशालाही हात लावला नाही. ओल्या चादरी जिन्यात, खरकटं टेबलावर. म्हटलं, बघू दे काय आहे ते. आणि ती आईच्या गोळ्या आणायला औषधाच्या दुकानात गेली.

परत आली तर घर आरशासारखं. धाकटी बहीण वॉन्डा हातमोजे काढत होती. ही तीन वर्षांनी, त्याच सकाळी टोरोंटोहून पाहुणी आलेली; आईपाशी तिलाच बसवून ऑलिव्ह गेली होती.

"काय केलंस हे?" ऑलिव्ह ओरडली.

"उकिरडा उपसला. लाज वाटायला हवी तुला! नर्स काय म्हणेल?"

"तिने काहीतरी म्हणावं म्हणूनच ठेवलं होतं ना, मूर्ख!"

"नाटकं नको करूस. आई ठणठणीत आहे. मला तर नावाने हाक मारली."

"मारणारच. तुला कुठे तिचं ढुंगण धुवावं लागतं!"

तेवढ्यात दार वाजलं. नर्स मॅकग्रा आत आली आणि म्हातारीने दोन्ही हात पसरले. "ये गं माझी बाय, थंडीत गारठलीस!" मग नर्सच्या प्रत्येक प्रश्नाला वॉन्डा उत्तर देत गेली. जेवते? हो, छान. झोपते? अगदी शांत. आईपायी रोज रात्री पाच वेळा उठणारी ऑलिव्ह ऐकत होती. बहिणीच्या झिंज्या उपटाव्यात असं तिला मनापासून वाटलं.

नर्सने कागद आवरले. शेवटचा प्रश्न, नुसता विचारायचा म्हणून विचारला. "पुढेही तुम्हीच सांभाळणार ना?"

"नाही," ऑलिव्ह म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे नाही. मला झेपत नाही. परवा तिने मारलं आणि मीही तिला मारलं. मला ती नकोय घरात."

"आईसमोर बोलतेस?" वॉन्डा किंचाळली. "आई, तू लक्ष नको देऊस. ऑलिव्ह दमलीय."

म्हातारीने कप खाली ठेवला आणि ऑलिव्हला नखशिखान्त न्याहाळलं.

"ही आणि ऑलिव्ह? काहीतरीच." ती नर्सकडे वळली. "माझी ऑलिव्ह गुणाची आहे हो. ती मला कधी कुठे टाकायची नाही."

सहा वर्षांत म्हातारीने ऑलिव्हचं केलेलं हे पहिलं कौतुक, आणि तेही आत्ताच. ऑलिव्हला ते हवंहवंसं वाटलं, आणि तिला त्याचाही संताप आला. नर्सने कागद पुन्हा बाहेर काढले. पेन हातात धरून ती थांबली.

"'झेपत नाही' असं लिहू का मग?"

"लिहा," ऑलिव्ह म्हणाली.