माझी पट्टी आणि सुलभाताईंचं जाळं

पुणे-सोलापूर रस्त्यावर, कासुर्डीत, माझं छोटं वर्कशॉप आहे. पाबळला वर्षभर राहून वेल्डिंग आणि लेथ शिकले, तेव्हापासून गेट, ट्रॉलीचे पार्ट, फवारणीपंपांची दुरुस्ती असलीच कामं येतात. मागच्या हिवाळ्यात मात्र एक वेगळीच ऑर्डर आली. कोकणातल्या एका बंदरावर मासेमारीचे नियम पाळले जातात की नाही हे बघणाऱ्या साहेबांना स्टीलच्या बारा पट्ट्या हव्या होत्या. रुंदी बरोब्बर चाळीस मिलिमीटर. पट्टी जाळ्याच्या भोकातून गेली तर जाळं पास, अडकली तर नापास.

पट्ट्या पाठवल्या, पण डोक्यातून जाईनात. एवढ्याशा पट्टीवर एवढा समुद्र कसा काय सांभाळतात? महिन्याभराने साहेबांना फोन केला, तर म्हणाले, "या की बघायला."

सोबत माझे चुलत सासरे आले. भांडगावचे आप्पा. टोमॅटो-कांदा करतात, पासष्टी ओलांडलीय, आणि समुद्र एकदाही बघितलेला नव्हता.

पहाटे साडेचारला निघालो, म्हणून हडपसर मोकळं मिळालं. सहानंतर निघाल तर तासभर तिथेच जाईल. चांदणी चौक, पौड, मग ताम्हिणी. घाट सुंदर आहे, पण खड्डे चुकवताना सौंदर्य बघायचं काम शेजारी बसलेल्याला द्यावं. माणगावला मिसळ खाल्ली, टाकी फुल केली. पुढे आंबेतचा पूल, मंडणगड, दापोली. लहान लहान वळणांनी पोट ढवळतं, तेव्हा मिसळ बेताने खा. दुपारी बाराच्या सुमारास बंदरावर पोचलो. बंदराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

आप्पा गाडीतून उतरले ते सरळ पाण्याकडे गेले. ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकले.

"खारटच हाय की गं!"

"मग काय वाटलं होतं?"

"लोक सांगत्यात त्याला काय. आपन बघितल्याबिगर कसं म्हनायचं?"

मग किनाऱ्यावरच्या एका माणसाला त्यांनी भरती-ओहोटीच्या वेळा विचारल्या. दिवसातून दोनदा पाणी आपोआप चढतं आणि उतरतं हे त्यांनी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. आमच्याकडे कॅनॉलला पाणी सुटावं म्हणून मोर्चे निघतात.

जेवण एका घरगुती खानावळीत. बांगड्याची थाळी दोनशे रुपये, सोलकढी मागाल तितकी. आप्पांनी आयुष्यभर भीमेतली चिलापी खाल्लेली. दुसरा बांगडा मागवला, यातच काय ते आलं.

साहेबांचं कार्यालय म्हणजे जेटीजवळच्या दोन खोल्या. साहेब तिशीतले, जालन्याकडचे. आप्पांनी त्यांना प्रश्नांनी भंडावलं आणि त्यांनीही न कंटाळता सांगितलं. पावसाळ्यात मासे अंडी घालतात म्हणून दोन महिने बंदी. प्रखर दिवे लावून मासे गोळा करायला बंदी. आणि जाळ्याच्या शेपटाला जी पिशवी असते, मच्छीमार तिला खोला म्हणतात, तिची भोकं चाळीस मिलिमीटरपेक्षा लहान नकोत. म्हणजे पिल्लं निसटून जातात आणि वाढतात.

"उजनीतबी बारीक जाळ्यानं बोटाएवढी पिल्लं काढत्यात," आप्पा म्हणाले. "मग मोठा मासा कुठनं घावनार?"

साहेबांनी आतल्या खोलीत नेलं. कोपऱ्यात निळ्या जाळ्याचा ढीग होता. "तुमच्याच पट्टीने पकडलंय," ते मला म्हणाले. "आठ दिवस झाले. ज्यांचं जाळं, त्या बाई म्हणत होत्या, नवीन जाळं आहे, बघून घेतलंय. पण पट्टी जाईचना."

खरं सांगते, मला अभिमान वाटला. मोबाईलवर फोटोही काढला.

आप्पांना स्वतः करून बघायचं होतं. साहेबांनी टेबलावरच्या दोन पट्ट्या त्यांच्या हातात दिल्या. आप्पा जमिनीवर मांडी घालून बसले, एक भोक ताणलं, पट्टी घातली. मग दुसरी घातली. मग पुन्हा पहिली.

"सुने, हिकडं ये. ही जातीय. ही न्हाई जात."

"वेगवेगळी भोकं असतील, आप्पा."

"एकच भोक हाय. डोळं हायत मला."

मी बसले आणि करून बघितलं. एक सहज जात होती, दुसरी अडकत होती. दोन्हींवर माझ्याच हाताने कोरलेला चाळीसचा आकडा. गाडीच्या डिकीत माझा मोजमापाचा डिजिटल व्हर्नियर असतो, तो घेऊन आले. पहिली पट्टी चाळीस. दुसरी एक्केचाळीस पॉइंट सहा.

मला लगेच आठवलं. शेवटच्या दोन पट्ट्या घासायच्या राहिल्या होत्या, तेवढ्यात लाईट गेली. आली तेव्हा कुरिअरवाला दारात उभा होता. दहा मोजल्या होत्या, म्हणून उरलेल्या दोन तशाच घाईघाईने घासून डब्यात टाकल्या.

साहेब दारात फोनवर बोलत होते. त्यांना काही दिसलं नव्हतं. पुढच्या पन्नास पट्ट्यांची ऑर्डर देणार असं ते मघाशीच म्हणाले होते. आप्पा माझ्याकडे बघत होते. त्यांनी ती पट्टी फक्त माझ्या मांडीवर ठेवली.

"साहेब," मी म्हटलं, "ही पट्टी चुकीची आहे. माझ्याकडून चुकलीय. जाळ्याचा दोष नाही."

त्यांनी फोन ठेवला. व्हर्नियर हातात घेऊन स्वतः तीनदा मोजलं. चेहरा पडला.

"मी अहवाल वर पाठवलाय, ताई."

"हो. पण त्या बाईंची होडी आठ दिवस उभी आहे ना?"

त्यांनी बारा पट्ट्या गोळा करायला लावल्या. सगळ्या मोजल्या. घाईत घासलेल्या दुसऱ्या पट्टीत फरक नव्हता, नशिबाने. चुकलेली ती एकच. मग बरोबर पट्टीने जाळ्याची वीस भोकं तपासली. सगळी पास. साहेबांनी वरिष्ठांना फोन लावला, बराच वेळ ऐकून घेतलं, आणि मग जाळ्याच्या मालकिणीला बोलावणं धाडलं.

सुलभाताई आल्या. पन्नाशीच्या, कमरेला पदर खोचलेला. होडी त्यांची, दीर आणि भाचा समुद्रावर जातात. साहेबांनी सांगायच्या आत मीच सगळं सांगितलं. त्या उभ्यानेच ऐकत राहिल्या.

"तुम्ही कुठल्या?"

"दौंड तालुका."

"तिथे समुद्र आहे?"

"नाही."

"मी म्हणत होते, पट्टी मोजा. सगळे हसले. सरकारी पट्टी कोण मोजतं म्हणाले." त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "थंडीतले आठ दिवस, ताई. परत नाही मिळत."

मी माफी मागितली. त्यांनी ठीक आहे वगैरे म्हटलं नाही. "उचला," म्हणाल्या. जाळं वाटतं त्यापेक्षा दुप्पट जड असतं. एका टोकाला त्या, दुसऱ्याला मी आणि मध्ये साहेब, असं आम्ही ते होडीपर्यंत नेलं. मागून आप्पा पाण्यात भिजलेलं धोतर सावरत येत होते.

होडीत जाळं टाकल्यावर आप्पांनी विचारलं, "बाई, ह्यो नेमच नको, आसं वाटतं का तुमाला?"

"नियम पाहिजे, आजोबा. माझ्या सासऱ्यांना मिळायचं तेवढं पापलेट आता स्वप्नातही येत नाही. पण नियमाची पट्टी माझ्याकडेपण एक पाहिजे."

रात्री आठशे रुपयांच्या खोलीत राहिलो, सकाळी मासळीचा लिलाव बघितला. सात वाजता पोचा, नाहीतर संपतो. परतीच्या वाटेवर ताम्हिणी चढून वर आलो. मुळशीला चहा घेताना आप्पा म्हणाले, "बोललीस ते बरं केलंस." एवढंच.

पन्नासची ऑर्डर आली नाही. ती दुसऱ्या कुणाला गेली आणि त्यात मला तक्रार करायला जागा नाही. परतल्यावर पहिल्या रविवारी मी एकच पट्टी केली. तीन ठिकाणी मोजली, आप्पांना चष्मा लावून आकडे मोठ्याने वाचायला लावले, आणि सुलभाताईंना पाठवली.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. पाठीमागे लाटांचा आणि माणसांचा गलका होता.

"पोचली बरं का. आता साहेब जेटीवर आले की आधी मी त्यांची पट्टी माझ्या पट्टीला लावून बघते. मग जाळं दाखवते."

"साहेब चिडत नाहीत?"

"पहिल्यांदा चिडले," त्या म्हणाल्या. "आता स्वतःच पुढे करतात."