धुतलेल्या बाटल्या

पीएच.डी.ला नाव नोंदवलं तेव्हा आम्ही गोडदेवला चाळीत राहत होतो. माझा विषय मिठागरातलं शेवाळ. ऐकणारा हमखास विचारायचा, "ह्याचं पुढे काय करणार?" मी म्हणायचे, "लोणचं घालणार." किती जणांना समजावत बसायचं?

विद्यापीठात आमच्या विभागाच्या व्हरांड्यात आजवरच्या विभागप्रमुखांचे फोटो ओळीने लावलेले होते आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या बाटल्या कपाटांत अजून तशाच होत्या. माझ्या बाटल्यांना तिथे जागा कुठली? दर आठवड्याला खारी गावाच्या पुढच्या मिठागरातून गढूळ पाणी भरायचं, वर तारखेची चिठ्ठी चिकटवायची आणि बाटली घरी खाटेखाली ठेवायची. माझ्या गाइड सरांची पद्धत अशी, की अख्ख्या हंगामाचे नमुने जमल्याशिवाय एकही बाटली उघडायची नाही. मधेच बघितलं की माणूस त्याला हवं तेच बघायला लागतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

आई मराठवाड्यातून लग्न होऊन इकडे आलेली, शाळेची पायरीही न चढलेली. पण शिक्षणाचा तिला एवढा मान, की मी वाचत बसले तर ती भांडंही वाजू द्यायची नाही.

मे महिन्यात हंगाम संपला. सर म्हणाले, "रविवारी येतो, बाटल्या घेऊनच जाऊ." मी त्यांना आणायला स्टेशनवर गेले. परत आलो तर ओट्यावर सगळ्या बाटल्या उलट्या घालून उन्हात वाळत होत्या. चिठ्ठ्यासुद्धा खरवडून काढलेल्या.

"एवढे मोठे प्रोफेसर घरी यायले," आई खुशीत म्हणाली, "आन् बाटल्यांत सगळा चिखल. राखेनं घासल्या मी."

सरांनी बसून चहा घेतला. "बाटल्या लख्ख निघाल्यात," एवढंच म्हणाले. ते गेल्यावर मी आईला अडाणी म्हणाले. आणखीही बरंच बोलले, ते लिहायची लाज वाटते. पावसात मिठागरं बुडतात, म्हणजे माझं वर्ष हातचं गेलं होतं. आई ओट्यावरच्या बाटल्या एकेक करून आत नेत राहिली.

दिवाळीनंतर मिठागरं पुन्हा सुरू झाली. पहिल्या दिवशी मी निघाले तर आई चपला घालून दारात उभी. "पिशवी मी धरते," म्हणाली. मग दर आठवड्याला ती आली. बांधावरून माझ्यापेक्षा नीट चालायची. घरी आल्यावर बाटल्यांवर स्वतःची जुनी साडी पांघरायची आणि खाटेखाली केरसुणीही जाऊ द्यायची नाही. आमचं बोलणं मात्र कामापुरतंच असायचं.

प्रबंध झाला. आभाराच्या पानावर सर आले, विभाग आला, प्रयोगशाळेतले मदतनीस आले. आई राहिली. राहिली म्हणजे काय, मीच तिला घातलं नाही. राग होता अजून, दुसरं काय.

तोंडी परीक्षा सगळ्यांना खुली असते. कुणीही येऊन बसावं, कुणीही विचारावं. आई निळी साडी नेसून शेवटच्या रांगेत बसली होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांचे प्रश्न संपले तसं अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "आणखी कुणाला काही विचारायचंय?" अशा वेळी कुणी विचारत नसतं. आई उभी राहिली.

"साहेब, पहिल्या साली माझ्या हातानं हिच्या बाटल्या धुतल्या गेल्या. त्यानं हिच्या शिक्षणात काही कमी तर पडलं न्हाई ना?"

"उत्तर उमेदवारानं द्यायचं असतं," अध्यक्ष हळूच म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हा प्रश्न तिने घरी मला कधी विचारला नव्हता. माझ्या तोंडाला ती भीत होती, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं.

"नाही," मी म्हणाले. "काही कमी पडलं नाही. ह्यातला एकेक नमुना आईने माझ्याबरोबर गोळा केलाय. मी तिचं नाव लिहिलं नाही, ती चूक माझी आहे."

परीक्षकांनी पेन उघडलं. "दुरुस्ती एकच," ते लिहिता लिहिता म्हणाले, "आभाराचं पान."

"मग ठीक हाय," म्हणून आई खाली बसली.