लपवलेली टाच

वर्गात शेजारी बसलेल्या अनोळखी बाईनं माझ्या पायातला मोजा ओढून काढला आणि सगळ्यांसमोर माझी टाच उघडी पडली. मी तिच्या हातावर चापट मारली, पण तोवर नर्स वाकून बघत होती. भेग खोल होती, कडेला पू, आणि वर मी भरलेली हळद. आठ दिवसांवर माझं गुडघ्याचं ऑपरेशन होतं. ते आता होणार नाही, हे मला नर्सच्या तोंडावरूनच कळलं.

देवासच्या इस्पितळात गुडघे बदलायच्या आधी पेशंटांचा वर्ग घेतात. वॉकर कसा धरायचा, संडासची खुर्ची किती उंच हवी, घरातली पायपुसणी उचलून ठेवा, असं सगळं सांगतात. नर्सनं तीनदा विचारलं होतं की कुणाला गळू, जखम, दाताला पू आहे का, कारण अंगात कुठंही पू असला तर तो नव्या सांध्यात जाऊन बसतो. मला सगळं समजलं होतं. तरी तिन्ही वेळा मी मान हलवून नाही म्हटलं. दोन वर्षं सून मला धरून संडासला नेत होती. मुलगा पुण्याच्या नोकरीवरून रजा काढून आला होता. तारीख गेली तर पुन्हा कधी मिळणार? शिवाय जखम नवसाची होती. गुडघे बरे होईपर्यंत चप्पल घालणार नाही, असं मी टेकडीवरच्या मोठ्या मातेला बोलले होते. चढवत नव्हतं, म्हणून रिक्षानं पायथ्याशी जाऊन चार पावलं अनवाणी चालून हात जोडत असे. देवीच्या वाटेवरची जखम देवीच बघेल, असं धरून चालले. मधुमेहाची गोळी रोज घेणाऱ्या बाईनं असं धरून चालू नये.

मग नर्सनं खाटेवर निजवून टाच घसरवत गुडघा वाकवायला लावला. मोज्याला डाग पडला. शेजारची डागाकडे बोट दाखवून म्हणाली, "ओ माजी, थांका मोजा पे यो कई लाग्यो?" आणि मी पाय आखडायच्या आत तिनं मोजा ओढला.

डॉक्टरांनी तारीख रद्द केली. मुलगा म्हणाला, "हद्द झाली आई! नर्सशी खोटं, घरात खोटं. आता कोण राहिलं?" बाहेर बाकावर ती बाई तंबाखू मळत बसली होती. तिला म्हटलं, "तुझ्या बापाचं काय जात होतं गं?"

"गाली दे लो, माजी," ती म्हणाली. "म्हारी बड़ी बेन ने बगल का फोड़ा छिपाया था. घुटना नया लग गया, फिर उसी में मवाद भर गया. वो बची नहीं."

मवाद म्हणजे पू; नर्स सांगत होती तेच. मी बाकावर टेकले आणि तिला नवसाचं सांगितलं. ती म्हणाली, "तो जा के बोल दो, अब चप्पल पहनूँगी. माता है, सासू थोड़ी है!" मला हसू आलं. ती कुक्षी गावची होती, नवऱ्याच्या खुब्याच्या ऑपरेशनसाठी आलेली. त्यांचा वर्ग दुसऱ्या दिवशी होता, तारीख चुकून एक दिवस आधी आले होते. मी तिचं नाव विचारलं नाही. ती देवी होती असं मी म्हणत नाही. देवी तंबाखू मळत नसावी. पण ती बरोबर दिवशी आली असती तर मी त्या टाचेसकट टेबलावर निजले असते.

घरी जाताना पायथ्याशी रिक्षा थांबवली आणि बसल्या जागेवरून मातेला सांगितलं की चप्पल घालते आहे. सगळं तुझ्यावर सोडलंय असं मी तिला रोज म्हणत होते आणि तारीख मात्र मुठीत धरून बसले होते. ती मूठ त्या दिवशी सुटली. वाईट वाटलं, पण हलकंही वाटलं.

टाच भरायला आणि साखर उतरायला दोन महिने लागले. मग ऑपरेशन झालं. आता मी संडासला एकटी जाते. त्या बाईची बहीण त्यातून वाचली नव्हती. मी वाचले.